आज्ञेचे नाव आणि आधीचा हक्क

नावाचा वाद म्हणजे काय, हे सीमाभागातील माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ‘बेळगाव’ आणि ‘बेळगावी’ यांत एका अक्षराचाच फरक आहे, असे म्हणणारे त्या अक्षरासोबत कधी राहिलेले नसतात. संगणकाच्या जगातही असा वाद होतो. तेथील एका निवाड्याविषयी आज लिहावेसे वाटते.

डेबियन या लिनक्स वितरणात फायली शोधण्याचे ‘एफडी’ हे साधन बसवावे आणि ती दोन अक्षरे टंकावीत, तर ‘अशी आज्ञा सापडली नाही’ एवढेच उत्तर येते. तेथे आज्ञा ‘एफडीफाइंड’ या नावाने नांदते. फायलीतील मजकूर रंगांत दाखविणाऱ्या ‘बॅट’लाही ‘बॅटकॅट’ म्हणावे लागते. नवशिक्याला वाटते, पॅकेज बांधणाऱ्याने घोळ घातला. वस्तुतः ‘एफडी’ हे नाव एका जुन्या जपानी फाइल-व्यवस्थापकाकडे आणि ‘बॅट’ हे बॅक्युला या बॅकअप-प्रणालीच्या नियंत्रकाकडे आधीच होते.

डेबियनचा नियम असा की, वेगवेगळे काम करणाऱ्या दोन प्रोग्रॅमना एकच नाव देता येणार नाही. कारण साधे आहे. टंकलेले नाव संगणक ठरलेल्या क्रमाने एकेका निर्देशिकेत शोधतो आणि पहिले सापडेल ते चालवितो. दुसरे निमूटपणे झाकले जाते. दोन्ही पक्षांत एकमत झाले नाही तर? तर दोघांनीही नाव बदलावे, असे नियमच सांगतो.

या नियमाची खरी कसोटी ‘नोड’च्या वेळी लागली. जावास्क्रिप्ट चालविणारे नोडजेएस २००९ साली आले आणि पाहता पाहता जगभर पसरले. परंतु डेबियनमध्ये हौशी रेडिओवाल्यांचा ‘नोड’ नावाचा प्रोग्रॅम त्याआधीपासून होता. एकीकडे अफाट संख्या, दुसरीकडे मूठभर माणसे. तंटा तांत्रिक समितीपुढे गेला. २०१२ साली समितीने नोडजेएसची आज्ञा ‘नोडजेएस’ राहील असे ठरविले, रेडिओच्या प्रोग्रॅमलाही नवे नाव घ्यावयास लावले, आणि ज्यांना जुनी सवय सोडवत नव्हती त्यांच्यासाठी ‘नोड’ हे नाव पुरविणारे एक वेगळे छोटे पॅकेज ठेवले. पाच वर्षांनी, २०१७ साली, समितीनेच तो निर्णय मागे घेतला आणि नोडजेएसला ते नाव मिळाले. शेवटी संख्याच जिंकली, असे कोणी म्हणेल. आमचे मत तसे नाही. मधल्या पाच वर्षांत लहान पक्षाला आपले घर आवरायला उसंत मिळाली, त्याचे म्हणणे ऐकले गेले, आणि कोणाच्याही संगणकावर एका रात्रीत भलताच प्रोग्रॅम चालू लागला नाही. बहुसंख्येने एवढे थांबणे हेच आम्हांला मोलाचे वाटते. (प्रत्यक्षातल्या नकाशांवर इतकी सबुरी आम्ही तरी पाहिलेली नाही.)

तक्रार आहे ती वेगळीच. नाव बदलणे न्याय्य असले, तरी त्याचा भुर्दंड शिकाऊ माणसाला पडतो. पुस्तकात एक नाव आणि पडद्यावर दुसरे. म्हणून पॅकेज बांधणाऱ्याने वर्णनात आणि मॅन्युअलच्या पानावर मूळ नाव ठळकपणे नोंदवावे. तेही वाचणाऱ्याच्या भाषेत. आज्ञेचे नाव विशेषनाम आहे. त्याचे मराठीकरण करण्याचा हट्ट आम्ही धरणार नाही, कारण हजारो स्क्रिप्टा त्या अक्षरांवर विसंबून असतात. वर्णन मात्र भाषेचे क्षेत्र आहे. डेबियनमध्ये पॅकेजांच्या वर्णनांच्या अनुवादाची वेगळी व्यवस्था आहे आणि कोणीही स्वयंसेवक तेथे हात लावू शकतो. संगणकाला मराठीची ओळख ‘एमआर’ आणि ‘आयएन’ या दोन खुणांनी होते, म्हणजे भाषा मराठी आणि देश भारत. राज्याचा रकानाच तेथे नाही. बेळगाव, इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे बसून ‘एफडीफाइंड’च्या चार ओळी मराठीत लिहिणाऱ्याला कोणाकडून दाखला आणावा लागत नाही.