गोळीचे वजन, संगणक आणि सरकणाऱ्या मर्यादा

२००० साली ‘शेड्यूल टी’ आल्यापासून आपल्या फार्मसींतील नोंदवह्या वाढल्या. त्या वाचणारे मात्र वाढले नाहीत. वजनांच्या नोंदी तपासणीपुरत्या लिहिल्या जातात आणि कपाटात जातात. म्हणूनच नियंत्रण आलेख संगणकाने आपोआप काढावेत, या विचाराचे मी स्वागतच करतो. मात्र स्वानुभवातून एक इशारा देणे कर्तव्य समजतो.

आमच्याकडे त्रिफळा गुग्गुळाची २५० मि.ग्रॅ.ची गोळी होते. दर अर्ध्या तासाने पाच गोळ्या उचलून त्यांची वजने, सरासरी आणि सर्वांत जड व हलक्या गोळीतील अंतर मांडावयाचे, एवढेच काम. पुतण्याने एक्सेलमध्ये मॅक्रो लिहून दिला. वजने भरून बटण दाबले की आलेख तयार! चार महिने एकही बिंदू मर्यादेबाहेर गेला नाही. पुढे ऐन पावसाळ्यात आमच्या जुन्या कारागिराने शंभर गोळ्यांची डबी तोलून दाखविली. पंचवीस ग्रॅमऐवजी वजन चोवीसच्या जेमतेम वर भरले.

दमट हवेत गुग्गुळाचे दाणे चिकट होतात आणि साच्यात पुरते उतरत नाहीत, हे आपण सारेच जाणतो. मग आलेख गप्प का राहिला? मॅक्रो प्रत्येक वेळी नव्या नोंदींसह सर्व सरासऱ्यांवरून मर्यादा पुन्हा काढीत होता. वजन घसरले तशी मर्यादाही खाली सरकत व रुंदावत गेली.

१९२४ साली अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत वॉल्टर श्यूहार्ट यांनी हा आलेख प्रथम मांडला. काम स्थिर असतानाच्या नोंदींवरून मर्यादा ठरवून पुढील नोंदी तिच्याशी ताडून पाहाव्यात, हा त्यामागील विचार. आम्ही कोरड्या हवेतील पंचवीस गट घेतले. सरासरी २५१, सरासरी अंतर १० मि.ग्रॅ.; पाचच्या गटासाठी ०.५७७ हा गुणक लावता मर्यादा २४५.२ ते २५६.८ आल्या. आता त्या मॅक्रोच्या आवाक्याबाहेर, कुलूपबंद चौकोनांत आहेत.

काही मित्र याच आलेखावर पाच टक्क्यांची, म्हणजे २३७.५ व २६२.५ची रेषा ओढतात. ती एकेका गोळीची कसोटी आहे, पाचांच्या सरासरीची नव्हे. तिची वाट पाहत बसल्यास इशारा फार उशिरा मिळतो.

गुणक पाचच्या गटाचा असल्याने एखादा चौकोन कोरा राहिला तर मॅक्रोने तेथेच थांबावे. डाय-पंच बदलल्यास नवे पंचवीस गट घेऊन, दिनांक व सही घालूनच मर्यादा बदलावी. हा अधिकार मी कोणत्याही बटणाला देणार नाही.

गेल्या जुलैत सकाळचा दुसराच बिंदू २४४.६ला पडला. गोळ्या सर्व पाच टक्क्यांच्या आतच होत्या. कारागिराने यंत्र थांबवून दाणे पुन्हा सुकवावयास टाकले.