पावसाची सुटी

गेल्या पावसाळ्यांतील एक हकीकत आम्हांस परिचयाच्या एका घरीं ऐकावयास मिळाली. घर लोणी काळभोर येथील, गांवठाणापासून दीड मैलावर मळ्यांत. आजीआजोबा, दोन मुलगे, सुना आणि नातवंडें असें नांदतें कुटुंब. भाद्रपदांत एके दिवशीं दुपारीं आभाळ काळेंकुट्ट झालें. शाळा एरव्हीं पांच वाजतां सुटावयाची; ती मुलांच्या काळजीपोटीं तीन वाजतांच सोडण्यांत आली, आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर तसा निरोपही गेला. निरोप पोंचला तो दोघी सुनांना. त्यांपैकीं एक हडपसरास कचेरींत, दुसरी शिवाजीनगरास. घरीं बसलेल्या आजींना कोणींच कांहीं कळविलें नाहीं, कारण शाळेच्या यादींत त्यांचें नांवच नव्हतें!

तिसरींतील नात व सहावींतील नातू निघालीं तीं ओढ्यापाशीं येऊन थबकलीं. फरशीवरून गढूळ पाणी वाहत होतें. मुलानें मोठें शहाणपण केलें. बहिणीचा हात धरून तो मागें वळला आणि सडकेवरील एका पिठाच्या गिरणींत जाऊन बसला. सुनांनीं आपापलें काम उरकून मोबाइल पाहिला, घरीं फोन केला, आजोबा छत्री घेऊन बाहेर पडले, तोंवर साडेचार वाजून गेले होते. मुलें सुखरूप सांपडलीं. परंतु आजींनीं हें सांगतांना डोळ्यांस पदर लावला, तो अद्यापि आमच्या डोळ्यांपुढें आहे.

येथें कोणाची निंदा करण्याचा हेतु नाहीं. शाळा सोडली ती सद्बुद्धीनेंच. तथापि आमचें मत असें कीं, आदल्या दिवशीं कळलेली सुटी ही निर्धोक, आणि पाऊस उतरेपर्यंत मुलांना शाळेंतच ठेवून घेणें हेंही निर्धोक. धोका आहे तो या दोहोंच्या मधल्या मार्गांत, म्हणजे भर पावसाच्या तोंडावर शाळा अवचित सोडून देण्यांत. शाळेच्या दारापासून घराच्या दारापर्यंत मूल कोणाचेंच नसतें.

२६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्या रात्रीं कित्येक मुलें शाळेंतच राहिलीं. शिक्षकांनीं त्यांना आपल्याजवळ ठेवून घेतलें, हें त्या भयंकर दिवसांतील एक सुदैवच म्हणावयाचें. १८ ऑगस्ट २०२५ रोजीं त्याच शहरांत दुपारच्या सत्राच्या शाळांस सुटी जाहीर झाली. पण सकाळच्या सत्राचीं मुलें तेव्हां शाळेंत जाऊन पोंचलेलीं होतीं. माटुंग्यास मुलांची एक बस साचलेल्या पाण्यांत अडकून पडली आणि पोलिसांना त्यांना बाहेर काढावें लागलें.

सुटीचा हुकूम कोठून निघतो, हेंही घरांतील वडील माणसांस ठाऊक असावें. २००५ च्या आपत्तिव्यवस्थापन कायद्यान्वयें जिल्हाधिकारी हे जिल्ह्याच्या आपत्तिप्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. वेधशाळेचा पिवळा, नारिंगी किंवा तांबडा इशारा पाहून ते शाळा बंद ठेवण्याचा हुकूम काढतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं पुण्यांत आंबील ओढ्यास लोंढा आला, तेव्हां दुसऱ्या दिवशीं हवेली तालुक्यासह पांच तालुक्यांतील शाळांस सुटी दिली होती. लोणी हवेलींतच येतें. पण हवेली तालुका केवढा! एका टोंकास सिंहगड, दुसऱ्या टोंकास उरुळी कांचन. गडाच्या पायथ्याशीं धो धो पाऊस असतां लोणीस नुसतें मळभ असावें, ही नित्याचीच गोष्ट. मग घरोघरीं चेष्टा सुरू होते, “ऊन पडलें आहे आणि म्हणे सुटी!”

ही चेष्टा आम्हांस फारशी रुचत नाहीं. लोणीचें संकट पुष्कळदां दुसऱ्याच्या पावसांतून येतें. टेमघर, वरसगांव व पानशेत या धरणांच्या मुलखांत पाऊस पडतो, पाणी खडकवासल्यास येतें, तेथून मुठेंत सुटतें, आणि पुण्याच्या संगमावरून मुळा-मुठेच्या रूपानें कांहीं तासांनीं लोणी-थेऊरकडे पोंचतें. २५ जुलै २०२४ रोजीं खडकवासल्यांतून पस्तीस हजार क्युसेकांहून अधिक पाणी सोडलें गेलें. सिंहगड रस्त्यावरील वस्तींत तें शिरलें, आणि तेंच पाणी पुढें खालच्या गांवांच्या वाटेस लागलें. कोलवडीसारख्या नदीपलीकडील गांवांतून अलीकडे शिकावयास येणाऱ्या मुलांना डोक्यावरील आभाळ पाहून काय कळणार? त्यांच्या शाळेनें आभाळापेक्षां धरणाच्या विसर्गाची बातमी पाहावी. उलटपक्षीं परतीचा पाऊस दुपारीं तीन-चारच्या सुमारास गडगडाट करीत येतो. सकाळीं निघालेल्या हुकुमास त्याची दाद नसते. त्याचा निर्णय शाळेनेंच करावयाचा.

अमेरिकेच्या हिमवर्षावी भागांत आपले जे आप्त आहेत, त्यांच्या पत्रांतून व फोनवरून एक गोष्ट नेहमीं कळते. तेथें बर्फ पडलें म्हणजे शाळा बंदच होते असें नाहीं. पुष्कळदां ती दोन तास उशिरा भरते, आणि तसें उजाडण्यापूर्वींच घरोघरीं कळवितात. उन्हाच्या बाबतींत आपणही एवढें शहाणपण दाखवितोंच. २०२५ च्या उन्हाळ्यांत राज्यांतील शाळा सकाळीं सातपासून भरविण्याचा आदेश झाला होता. मग श्रावणांतल्या सकाळीं सडकेवर पाणी असतां शाळा साडेदहाऐवजीं साडेबाराला कां भरूं नये? दिवसही फुकट जाणार नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें पांचवीपर्यंत २०० व सहावी ते आठवीस २२० दिवस शाळा भरलीच पाहिजे; तेव्हां आज घेतलेली सुटी पुढें एखाद्या शनिवारीं फेडावी लागते, हें मुलांनीं ऐकल्यास त्यांचा आनंद थोडा उतरेल खरा!

आषाढवारींत तुकाराममहाराजांच्या पालखीचा मुक्काम लोणीस असतो. तेवढ्या मोठ्या समुदायास एका रात्रींत आसरा देणाऱ्या गांवाला शंभर-दीडशें मुलें दोन-तीन तास शाळेंत सांभाळणें जड जाऊं नये. थोडे मुरमुरे, गूळ, कंदील किंवा बॅटरी आणि दोन शिक्षक, एवढ्याचीच बेगमी हवी. जूनच्या पालकसभेंत हा प्रश्न कोणीतरी काढावा. शिवाय शाळेच्या यादींत कमावत्या आईबापांच्याच क्रमांकांवर न थांबतां, दिवसा घरीं जें माणूस असतें त्याचाही क्रमांक घालावयास लावावा. मग तें माणूस आजी असो, काकू असो कीं शेजारच्या वहिनी असोत.

वर सांगितलेल्या घरीं आम्ही पुन्हां गेलों, तेव्हां आजोबांनीं नातवंडांच्या दप्तरांत मेणकापडांत गुंडाळून ठेवलेली चिठ्ठी दाखविली. तींत आजींचा क्रमांक होता, गिरणीवाल्याचा होता, आणि खालीं ठळक अक्षरांत लिहिलें होतें: “फरशीवर पाणी असेल तर ओलांडूं नये. गिरणींत बसावें. मी येतों.”