तेलाचे दान

गेल्या पावसाळ्यात एके रात्री वीज गेली आणि आमच्या घरातील लहानथोर मंडळी माजघरात येऊन बसली. सूनबाईंनी माळ्यावरचा जुना कंदील खाली काढला, काच पुसली, वात सारखी केली. परंतु रॉकेल घरात कोठून असणार? अखेर मेणबत्तीवरच भागवावे लागले. तेवढ्यात आमच्या नातवाने पृच्छा केली, “आजोबा, रॉकेल हा शब्द रॉकफेलरवरूनच आला ना?” आम्हांस हसू आले. रॉक ऑइल म्हणजे खडकातले तेल. त्याचाच हा आपल्या तोंडी झालेला अपभ्रंश, असे आम्ही त्यास सांगितले. तथापि मुलाची चूक अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही. एके काळी अमेरिकेतून जे तेल डबेबंद होऊन हिंदुस्थानात येई, त्यात त्याच घराण्याच्या कंपनीचा वाटा मोठा होता. मग वीज येईपर्यंत त्या घराण्याचीच कथा चालली. तीच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत; कारण तिच्यात एक प्रश्न असा आहे की, तो आम्हांस पुष्कळ वर्षे सलत आला आहे.

मूळ पुरुष जॉन डी. रॉकफेलर. जन्म १८३९. बाप गावोगाव औषधे विकीत फिरणारा. कर्करोगही बरा करतो असे सांगून भोळ्या लोकांकडून पैसे उकळणारा. आई मात्र अत्यंत धर्मशील व काटकसरी. मुलाने सोळाव्या वर्षी क्लीव्हलंड शहरी एका पेढीत कारकुनी धरली आणि त्याच दिवसांत एक लहानशी वही घातली. तीत पैपैचा जमाखर्च आहे, आणि पहिल्या वर्षापासून देवळात व गोरगरिबांस दिलेले दानही आहे. म्हणजे हा मनुष्य आधी लुटारू होता व मागाहून दानशूर झाला, अशी जी सोपी गोष्ट सांगतात, ती खरी नव्हे. तो प्रथमपासून दोन्ही होता. हेच तर अवघड आहे.

१८७० मध्ये त्याने स्टँडर्ड ऑइल कंपनी काढली. तेल शुद्ध करण्यात तिचे कसब होतेच; पण खरी मेख आगगाडीच्या भाड्यात होती. आमचा माल मोठा आणि नेमाने येणारा, सबब भाड्यातील काही रक्कम गुपचूप परत द्या, असा करार ती रेल्वे कंपन्यांशी करी. येथवर ही घासाघीस कोणीही व्यापारी करील. परंतु १८७२ मध्ये जो बेत शिजला तो निराळाच होता. प्रतिस्पर्ध्याने आपला माल धाडताना भरलेल्या भाड्यातूनही काही भाग रॉकफेलरच्या मंडळीस मिळावयाचा होता! शेजाऱ्याने आपल्या पोरासाठी दूध घ्यावे आणि गवळ्याने दर शेरामागे पैसा आमच्या घरी आणून द्यावा, असलाच हा न्याय. बोभाटा झाला आणि तो बेत बारगळला; पण तोवर क्लीव्हलंडमधील सव्वीसपैकी बावीस कारखाने त्याच्या पदरात पडले होते. पुढे दहा वर्षांच्या आत देशातील तेलशुद्धीचा सुमारे नव्वद टक्के धंदा त्याच्या हाती आला.

या कारभाराची चिरफाड एका स्त्रीने केली. आयडा टार्बेल हिचा बाप तेलाच्याच धंद्यातला, या मक्तेदारीने पोळलेला. तिने दप्तरे, साक्षी, कज्जेदलालीचे कागद धुंडाळून १९०२ पासून एका मासिकात लेखमाला लिहिली. मासिकात लिहिणाऱ्यांनी आपल्या लेखणीस क्षुद्र मानू नये, यास हा दाखला पुरे आहे. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे चौतीस तुकडे करविले. गंमत अशी की, तुकड्यांचे भाग मूळ भागापेक्षा महाग झाले आणि रॉकफेलर शिक्षेने अधिकच धनाढ्य झाला. त्यांपैकी दोन मोठे तुकडे १९९९ मध्ये एक्झॉनमोबिल या नावाने पुन्हा एकत्रही आले.

आता दानाचे पाहू. शिकागो विद्यापीठास सहा लक्ष डॉलर, १९०१ मध्ये वैद्यक संशोधनसंस्था (भोंदू वैद्याच्या मुलाने काढलेली!), १९०९ मध्ये दक्षिणेतील अनवाणी गरिबांच्या पोटातील अंकुशकृमी घालविण्यासाठी दहा लक्ष डॉलर, १९१३ मध्ये रॉकफेलर फाउंडेशन. पिवळ्या तापाची लस याच फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत मॅक्स थायलर यांनी सिद्ध केली. नॉर्मन बोरलॉग यांचे गव्हाचे कामही मेक्सिकोत याच पैशावर उभे राहिले.

परंतु १९०५ मध्ये एक वाद माजला, तो आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतील एका मिशनरी मंडळास रॉकफेलरने एक लक्ष डॉलर दिले, तेव्हा वॉशिंग्टन ग्लॅडन नामक धर्मोपदेशकाने हा पैसा कलंकित आहे, तो परत करा, असे निक्षून सांगितले. मागाहून उघडकीस आले की, मंडळाने स्वतःच हात पसरून ती देणगी मागितली होती! हे मंडळ आपणांस परके नाही. ज्याचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस उतरले आणि ज्याच्या मराठी मिशनने अहमदनगरास शाळा चालविल्या, तेच हे मंडळ.

ग्लॅडनसाहेबांचा प्रश्न आमच्या स्मृतिकारांस ठाऊक होता. प्रतिग्रह कोणाचा घ्यावा व कोणाचा घेऊ नये, याचा मनूने चौथ्या अध्यायात खल केला आहे. आणि योगायोग पाहा, ज्यांचा घेऊ नये त्यांत तेलाचा घाणा चालविणाराही येतो! एका कष्टकरी जातीच्या माथी ते वचन मारले गेले हा उघड अन्याय होता. आम्ही ते मानीत नाही. परंतु दानाने दात्याचे पाप घेणाऱ्याकडे येते, ही त्यामागची शंका आम्हांस सोडीत नाही.

दुसऱ्या पिढीचा धाकटा जॉन हा पापभीरू मनुष्य. तरी १९१४ मध्ये कोलोरॅडोतील लडलो येथे, त्यांच्या घराण्याच्या ताब्यातील कोळशाच्या खाणींत संप चालू असता, संपकऱ्यांच्या तंबूंवर गोळ्या झाडून ते जाळण्यात आले. दोन स्त्रिया व अकरा मुले त्यात मेली. प्रारंभी त्याने खाणीच्या अधिकाऱ्यांचीच बाजू घेतली. पुढल्या वर्षी मात्र तो स्वतः तेथे जाऊन खाणीत उतरला आणि मजुरांच्या घरी गेला. १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वास्तूस न्यूयॉर्कमधील जागा मिळावी म्हणून पंच्याऐंशी लक्ष डॉलर त्यानेच दिले. मुलांस हातखर्च देई तोही बेताचा, आणि दर आठवड्यास हिशेब तपाशी.

त्या मुलांपैकी दोघे बंधू एकाच काळी दोन राज्यांचे गव्हर्नर होते: नेल्सन न्यूयॉर्कचा व विन्थ्रॉप आर्कान्सॉचा. तिसरा डेव्हिड चेस मॅनहॅटन बँकेचा मुख्य. इराणच्या पदच्युत शहास १९७९ मध्ये अमेरिकेत आश्रय मिळावा म्हणून त्याने खटपट केली, आणि शहा तेथे पोहोचल्यावर तेहरानच्या वकिलातीत काय झाले ते सर्वश्रुत आहे. नेल्सनने अध्यक्षपदासाठी तीनदा प्रयत्न केला, तो फसला. १९७४ मध्ये तो उपाध्यक्ष झाला. त्या वेळच्या चौकशीत निघाले की, सरकारी अधिकारावर असणाऱ्या वा येऊ घातलेल्या अनेकांस त्याने भारी देणग्या व कर्जे दिली होती; हेन्री किसिंजर यांसच पन्नास हजार डॉलर. तो म्हणे हा केवळ स्नेह. असेलही. पण आजोबांच्या वहीतील दान आणि हे दान यांस एकच शब्द लावावा काय?

आपल्याकडेही हा पैसा आला आहे. पुण्यात १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र निघाले ते रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था ती हीच. मागील महामारीत तिचे उपकार कोणावर झाले नाहीत? मॅगसेसे पुरस्कारही याच घराण्याच्या निधीतून १९५७ मध्ये स्थापन झाला, आणि पुढल्याच वर्षी तो मिळाला कांचनमुक्तीचा प्रयोग करणाऱ्या विनोबांना! २०१४ मध्ये त्या बंधूंच्या निधीने कोळसा व तेल यांतील आपली गुंतवणूक काढून घेण्याचे जाहीर केले. पणतवंडांनी पणजोबांचे तेल नाकारले म्हणा ना.

हे सर्व ऐकून नातवाने विचारले, “मग ग्लॅडनचे बरोबर, की पैसे घेणाऱ्यांचे?” आम्ही उत्तर दिले नाही. आम्ही शिक्षक असता एका सावकाराने आमच्या शाळेस प्रयोगशाळा बांधून देऊ केली होती. शिक्षकांची मते मागविली, तेव्हा आम्ही होकाराची सही केली. तोवर मुले वायूंची नावे केवळ पाठ करीत. मग ती स्वतः नळीत वायू करू लागली. त्याच वर्षी आमच्या वर्गात एक मुलगा होता, ज्याच्या बापाचे तळ्याकाठचे शेत त्या सावकाराच्या नावे लागले होते. प्रयोगाच्या तासास तो नेहमी शेवटच्या टेबलाशी, दारावरील संगमरवरी पाटीकडे पाठ करून उभा राही. पुढे तो रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाला. पेढे घेऊन आमच्या घरी आला. शाळेत मात्र गेला नाही.

वीज आली तेव्हा मुले झोपली होती. सूनबाईंनी कंदील पुन्हा माळ्यावर ठेवला.