हातमोजे आणि हिशेबनीस

दोन रंगांच्या लोकरीने नक्षीदार हातमोजे विणीत बसलेल्या बाईस आपल्या सुशिक्षित समाजात बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : "ह्याला वेळ किती लागतो?" विचारणाऱ्याचे पुढचे बोलणे तयारच असते. तिने "दोन महिने" असे सांगताच त्या दोन महिन्यांचे तास, तासाची मजुरी, लोकरीची किंमत अशी आकडेमोड मनातल्या मनात होते आणि अखेर दयार्द्र स्वरात निकाल मिळतो की, बाजारात असले मोजे शेदोनशे रुपयांस मिळतात. जे अधिक व्यवहारचतुर असतात ते आणखी एक टोला हाणतात : "आणि पुण्यात ते घालणार कुठे?" ह्या हिशेबनिसांशी आमचे भांडण आहे. त्यांची बेरीज चुकते असे आमचे म्हणणे नाही. ती रक्कम ज्या खात्यावर ते टाकतात ते खाते भलतेच आहे, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

प्रथम त्यांचा पक्ष त्यांच्यापेक्षाही जोराने मांडून टाकू. यंत्राने हातास मागे टाकले ही गोष्ट आजकालची नव्हे. इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळ राहणाऱ्या विल्यम ली नावाच्या धर्मोपदेशकाने पायमोजे विणण्याचे यंत्र १५८९ साली सिद्ध केले. म्हणजे ह्या वादास चारशेहून अधिक वर्षे होऊन गेली. हातमोजा हे विणकामातील अवघड प्रकरण, कारण त्याला पाच शाखा फुटतात. पण तोही गड यंत्राने सर केला. जपानात वाकायामा येथे १९६२ साली निघालेल्या शिमा सेइकी ह्या कंपनीचा आरंभच मुळी हातमोजे विणणाऱ्या स्वयंचलित यंत्रापासून झाला, आणि १९९५ साली अख्खे स्वेटर बिनशिवणीचे विणून काढणारे जे यंत्र तिने बाजारात आणले, त्याची मूळ कल्पनाही हातमोज्यावरूनच सुचलेली. तेव्हा थंडीपासून बोटांचे रक्षण एवढेच जर हातमोज्याचे प्रयोजन असेल, तर वाद संपला. पुण्या-मुंबईस तर तो सुरूही होत नाही. हे सारे आम्हांस मान्य आहे. तथापि स्कॉटलंडात, नॉर्वेत, लाटव्हियात, आणि आपल्याकडीलही काही घरांत सुया अद्याप थांबलेल्या नाहीत. गरज उरली नसता माणसे एखादी वस्तू हौसेने करीत राहतात, ह्याचे कारण मूर्खपणा हेच असले पाहिजे असे ठरविण्यापूर्वी, ती करीत असता काय घडते हे तरी पाहावयास नको काय?

उदाहरणादाखल दक्षिण स्कॉटलंडातील सँकर हे गाव घेऊ. निथ नदीच्या खोऱ्यातले हे लहानसे गाव. अठराव्या शतकात येथील हातविणीचे पायमोजे थेट अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत जात असत. पुढे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध झाले आणि तो व्यापार बसला. आज विणकाम करणाऱ्यांच्या तोंडी गावाचे नाव आहे ते हातमोज्यांमुळे. सँकरचा हातमोजा बहुधा काळा आणि पांढरा अशा दोनच रंगांचा, लोकर बारीक, सुयाही बारीक. पंजावर लहान लहान चौकटी. एका चौकटीत एक आकृती, शेजारच्या चौकटीत दुसरी, अशी बुद्धिबळाच्या पटासारखी आलटापालट. 'ड्यूक' हा ह्यांतला प्रसिद्ध नमुना. एका नमुन्यास तर चिलटाचे नाव मिळाले आहे. मनगटाच्या पट्टीत, मोजे ज्याच्यासाठी विणले त्याच्या नावाची आद्याक्षरे असतात आणि कित्येकदा सालही असते.

आता असा मोजा विणावयाचा म्हणजे काय करावयाचे? दोन्ही टोकांस अणी असलेल्या चार-पाच सुयांवर टाके गोलाकार घालून फेरे घ्यावयाचे. नक्षी दर बारा टाक्यांनी पुन्हा सुरू होते असे धरले, तर फेऱ्यात टाके बहात्तर असू शकतील, चौऱ्याऐंशी असू शकतील. ऐंशी असू शकणार नाहीत. पण हात काही नक्षीला विचारून वाढलेला नसतो. तो ऐंशी टाक्यांचा निघाला की विणणारीपुढे खरा पेच उभा राहतो : सुई बदलावी, लोकर बदलावी, की दोन चौकटींमधली रेघ कमीजास्त करावी? प्रत्येक उपायाची भरपाई दुसरीकडे करून द्यावी लागते. सुई जाड घेतली की वीण विरळ होते. रेघ रुंद केली की आकृत्या एकमेकींपासून तुटतात. मग येतो अंगठा. त्याच्यासाठी तळहाताच्या कडेला कळी काढून फेऱ्याफेऱ्याला टाके वाढवीत न्यावयाचे आणि ह्या वाढत्या टाक्यांतही नक्षी मोडू द्यावयाची नाही. बोटे फुटतात तेथे तर पंजाभर अखंड चालत आलेली नक्षी चार वाटांनी जाते. दोन बोटांच्या बेचक्यात नवे टाके घालून लहानशी पट्टी जोडून घेतली नाही, तर बोट आवळते आणि चौकट अर्धी राहते. मनुष्याची करंगळी इतर बोटांहून किंचित खाली फुटते, ही गोष्ट आपण जन्मभर हात बाळगून कधी लक्षात घेत नाही. मोजा विणणारीस ती लक्षात घ्यावीच लागते.

हे चालू असता एका रंगाचा धागा पुढे काम करीत असतो व दुसरा मागून मोकळा धावत असतो. मोज्यास दुहेरी ऊब येते ती ह्या मागल्या धाग्यामुळे, आणि मोजा बिघडतो तोही त्याच्यामुळेच. तो ओढला गेला तर कापड आक्रसते. सैल सुटला तर मोजा चढविताना बोट त्यात अडकते. शिवाय दोहोंपैकी कोणता धागा खालून न्यावयाचा ह्यावर कोणता रंग उठून दिसणार हे ठरते. मध्येच त्यांची अदलाबदल झाली तर टाके सगळे बरोबर असूनही तेवढा पट्टा निस्तेज दिसतो, आणि हे असे का झाले ते नवशिकीस कितीतरी दिवस उमगत नाही.

आमच्या वाचकभगिनींस ठिपक्यांच्या रांगोळीवरून ह्या कामाची कल्पना येईल. ठिपके मोजणे, रेघ कोठे वळवावयाची हे आधी ओळखणे, चुकलेला ठिपका चार ओळींनंतर आपले उट्टे काढतो हा अनुभव, हे सर्व दोहोंकडे सारखेच. मात्र रांगोळीस चार बाजूंनी कड असते. मोज्याच्या फेऱ्यास कड नाही. तो संपतो तेथेच पुन्हा सुरू होतो, म्हणून शेवटच्या चौकटीस पहिलीशी बिनबोभाट जुळावे लागते. शिवाय रांगोळीची जमीन सपाट असते. येथील जमीन वाटोळी, आणि तिला पाच फाटे.

आठदहा फेरे झाले की चौकटींच्या कागदाकडे पाहण्याची गरज कमी होते. पुढचा टाका काळा की पांढरा हे खालच्या फेऱ्यावरूनच कळू लागते. एखादा टाका चुकला तर मोजण्यापूर्वीच डोळ्यास खुपतो. गायकास सम दिसू लागावी तसा हा प्रकार आहे. ज्याने तो अनुभवला त्यास त्या दोन महिन्यांतील प्रत्येक संध्याकाळचा मोबदला त्या त्या संध्याकाळीच मिळून चुकलेला असतो. मोजे पुरे झाल्यावर जमाखर्च मांडावयास बसणाऱ्या हिशेबनिसास ही जमेची बाजू दिसतच नाही, कारण ती वहीत येण्यापूर्वीच भोगून संपलेली असते.

विणकामाच्या बाजूने बोलावयास जे वकील हल्ली पुढे सरसावतात, त्यांचीही आम्हांस धास्तीच वाटते. एक पंथ आरोग्यवाद्यांचा : विणल्याने मन शांत होते, रक्तदाब उतरतो, म्हातारपणी स्मरणशक्ती शाबूत राहते, वगैरे. होतही असेल. पण रक्तदाब उतरावा म्हणून भूप ऐकणाऱ्यास आपण रसिक म्हणत नाही. ह्या वकिलांनी हिशेबनिसाची वही मुकाट्याने स्वीकारली आहे. मजुरीच्या जागी औषधाची बचत लिहिली, इतकाच फरक. दुसरा पंथ गूढवाद्यांचा. त्यांस प्रत्येक नक्षीत पुरातन संकेत दिसतो आणि प्रत्येक विणकरीण कोण्या लुप्त विद्येची वारसदार वाटते. नॉर्वेमध्ये ट्रॉन्डहाइमजवळ सेल्बू नावाचा गाव आहे. तेथील काळ्यापांढऱ्या मोज्यांवरचा आठ पाकळ्यांचा तारा आज साऱ्या नॉर्वेची खूण होऊन बसला आहे. ताऱ्याची आकृती जुनीच. ती युरोपभर आढळते. परंतु सेल्बूच्या मोज्यांचा उगम सांगतात तो १८५७ च्या सुमाराचा, आणि तो मारित गुलसेतब्रुआ ह्या सोळा वर्षांच्या मुलीपासून. तिने दोन रंगांत तारा विणला, ते मोजे घालून बहिणींसह ती चर्चला गेली, गावातील इतर मुलींनी ते पाहिले आणि त्यांनाही तसे करून पाहावेसे वाटले. एका मुलीस एक युक्ती साधली आणि ती पाहून इतरांचे हात शिवशिवले, ह्यात गूढ असे काय आहे? आम्हांस तर कोणत्याही प्राचीन संकेतापेक्षा ही हकीकत अधिक मोलाची वाटते.

लाटव्हियात हीच कला राष्ट्रीय अभिमानाचा विषय झाली आहे. रीगा येथे नोव्हेंबर २००६ मध्ये नाटोची शिखर परिषद भरली, तेव्हा आलेल्या पाहुण्यांसाठी साडेचार हजार जोड हाताने विणून घेण्यात आले होते. त्या देशात पूर्वी उपवर मुलीने पेटी भरून मोजे विणून ठेवावयाचे आणि लग्नात ते सासरच्या माणसांस वाटावयाचे असा रिवाज होता. हे ऐकून पुष्कळांस गहिवरून येते. आम्ही मात्र विचारतो की, त्या पेटीतील पहिला जोड हौसेचा असेल. पन्नासावाही हौसेचाच होता काय? आनंदाची बाजू मांडणाऱ्याने हा प्रश्न टाळता कामा नये. त्याहून कठोर उदाहरण शेटलंड बेटांचे. तेथील स्त्रियांनी विणलेल्या मालाच्या बदल्यात व्यापारी रोकड न देता चहा, कापड असा दुकानचा माल गळ्यात मारीत. त्याची सरकारी चौकशी १८७२ साली झाली. त्या स्त्रियांच्या विणीतही सौंदर्य होतेच, आणि संग्रहालयातील काचेआडून ते पाहताना आपण खुशाल 'हस्तकलेचे सुवर्णयुग' म्हणून मान डोलावतो. हिशेबनिसांनो, तुमची वही येथे आणा. जी पोटासाठी विणते तिचा मिनिटा-मिनिटाचा हिशेब करा आणि तो रोख चुकता करा. त्या कामी आम्ही तुमच्या मदतीस येऊ. चमत्कार असा की, जेथे हिशेब करावयाचा तेथे 'कलेची सेवा' म्हणून घासाघीस होते, आणि जेथे कोणी कोणाकडे काहीच मागितलेले नाही तेथे तासांची मोजदाद सुरू होते.

ही मोजदाद सर्वांच्या वाट्यास सारखी येत नाही, हे तर आमच्या भांडणाचे खरे मूळ आहे. पाच दिवसांचा क्रिकेटचा सामना घरबसल्या पाहणाऱ्या गृहस्थास त्या वेळाची मजुरी कोणी विचारीत नाही. रविवारी गड चढून संध्याकाळी उतरणाऱ्यास, वर काय आणून ठेवलेत म्हणून कोणी विचारीत नाही. बुद्धिबळाचा डाव तर मोडून सोंगट्या पेटीत भरल्या की मागे काहीच उरत नाही. तरी त्यास आपण बुद्धीचा खेळ म्हणतो. स्त्री सुया हाती घेते तेव्हा मात्र वस्तू कोणाच्या उपयोगाची हे आधी सिद्ध व्हावे लागते. म्हणून आपल्या घरांतून विणकामास पिढ्यान्‌पिढ्या मुभा मिळाली ती बाळाचे टोपरे, यजमानांचे स्वेटर, सासूबाईंची शाल ह्या दाखल्यांवर. आनंद होता, पण तो सेवेच्या पदराआड लपवावा लागे. पुण्याच्या हवेत नक्षीदार हातमोजे विणणारीने हा पदर टाकून दिलेला आहे. तिच्या मोज्यांचा कोणास उपयोग नाही, ही तिच्यावरची तक्रार नेमकी ह्याचसाठी इतक्या त्वेषाने केली जाते. "त्यापेक्षा काही उपयोगी शिक" असे मुलीस सांगणाऱ्या सुशिक्षित आईबापांनी, आपल्या मुलास असे कितीदा व कोणत्या खेळाबद्दल सांगितले ते एकदा आठवून पाहावे.

कोणी म्हणेल, मग ते विकावे तरी. चांगली किंमत येईल. ज्यांस विकावयाचे त्यांनी अवश्य विकावे आणि भरपूर घ्यावे. परंतु सतार वाजविणाऱ्या प्रत्येकास आपण जलशाचे तिकीट लावावयास सांगत नाही.

आणि पहिला मोजा संपला म्हणजे काम संपले अशीही हिशेबनिसाची समजूत असते. दुसरा राहिलेलाच असतो. तो पहिल्याची निव्वळ नक्कल करून भागत नाही. अंगठ्याची कळी आता उलट बाजूस काढावी लागते आणि तळहाताकडची नक्षी तिच्यामागून फिरवून घ्यावी लागते. कित्येकींस हा दुसरा मोजा पहिल्याहून गोड लागतो. फेरे त्याच संख्येचे, लोकर त्याच गुंड्यांतली. पण पहिल्या खेपेस अनामिका आणि करंगळी ह्यांच्या ज्या बेचक्यात तीनदा उसवावे लागले होते, तेथून हात ह्या खेपेस न थांबता पुढे जातो.