यकृताचा कर्करोग आणि प्रतिकारशक्तीचे आश्वासन

यकृताच्या कर्करोगाचे निदान झालेला यवतमाळ जिल्ह्यातील रुग्ण नागपूर वा सेवाग्रामहून परतला, की त्याचे नातेवाईक आपल्याकडे येतात आणि ‘प्रतिकारशक्ती वाढविणारे काही द्या’ म्हणतात. आपणही सहज देतो. परंतु या रुग्णात उणे नेमके काय आहे, याचा विचार आपण केला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच अवयवांवर घाला घालू नये म्हणून शरीरात तिला आवर घालणाऱ्या पेशी असतात. त्यांतील नियामक टी-पेशी जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिल्या. या कार्याबद्दल त्यांना दोन अमेरिकी संशोधकांसह २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तात या पेशींचे प्रमाण निरोगी व्यक्तींपेक्षा वाढलेले असते, हे जर्मनीतील संशोधकांनी २००५ मध्ये नोंदविले. २००८ मध्ये दमन करणाऱ्या आणखी एका प्रकारच्या पेशी अशाच रुग्णांत वाढलेल्या आढळल्या.

तात्पर्य, येथे बळ केवळ कमी पडलेले नसते. ते जखडलेले असते. २०२० मध्ये यशस्वी ठरलेली अ‍ॅटेझोलिझुमॅब व बेव्हासिझुमॅब ही जोडी याच जखडणुकीचा एक दुवा सोडविते. मात्र हा लगाम सैल झाला, की कधी कधी प्रतिकारशक्ती रुग्णाच्याच यकृतावर वा आतड्यावर उलटते.

चरकसंहितेनेही सर्व शरीरे व्याधिक्षमत्वात समान मानलेली नाहीत. मग एकच चूर्ण सर्वांना कसे चालावे? गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृतास इजा झाल्याचे मुंबईतील वैद्यकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. वनस्पतीच्या ओळखीविषयी आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला आणि वाद झाला. तो वाद बाजूला ठेवला, तरी आधीच दुबळ्या झालेल्या यकृताच्या बाबतीत सावधगिरी सुटत नाही. आपले कोणतेही रसायन या दमनकारी पेशी आवरून रुग्णाचे आयुष्य वाढविते, असे अद्याप सिद्ध झालेले नाही.

म्हणून वैद्यबंधूंना व औषधालयांच्या मालकांना आमची विनंती आहे. यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णास तपासण्यांचे कागद पाहिल्याविना ‘इम्युनिटी’चे औषध देऊ नये. जे द्याल ते चिठ्ठीवर नावानिशी लिहावे आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखविण्यास सांगावे. कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातीस १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, हे फलक लावताना विसरू नये.

आपल्या हातचे कार्य तरीही मोठे आहे. रुग्णाचा आहार, निद्रा व मलप्रवृत्ती सांभाळणे, घरच्यांना काविळीच्या ‘बी’ विषाणूची तपासणी व लस घेण्यास सांगणे, दारू सोडविणे, बुरशी लागलेले शेंगदाणे खाऊ न देणे, ही कामे आपण करू शकतो. यांत आश्वासन थोडे असले, तरी रुग्णाचे हित निश्चित आहे.