पांढऱ्या सशाला माळ परकाच

समजा, सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या बागेत तुम्हांला झुडपाखाली बसलेला एक पांढराशुभ्र ससा दिसला. माणसाला पाहूनही तो पळत नाही. कोणीतरी हौसेने पाळला आणि हौस फिटल्यावर सोडून दिला, हे उघड आहे. तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "ह्याला नान्नजच्या माळावर सोडू या. तिथे ससे आहेतच की!" विचार दयेचा आहे, पण माझ्या मते तो चुकीचा आहे. का, ते पाहू.

आपल्या भाषेत 'ससा' हा शब्द एकच, पण प्राणी दोन. माळावरचा ससा म्हणजे लेपस नायग्रिकॉलिस. त्याचा रंग मातकट, पाय लांब. त्याची पिल्ले उघड्यावर जन्मतात. जन्मतःच त्यांच्या अंगावर केस असतात आणि डोळे उघडे असतात. पाळीव ससा मात्र ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस ह्या जातीचा. त्याचे रानटी पूर्वज मूळचे स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळात राहणारे. त्याची पिल्ले केसांविना आणि मिटल्या डोळ्यांनी जन्मतात.

अशा पांढऱ्या सशाला वाळल्या गवतात लपता येत नाही आणि नान्नजच्या माळावर तर लांडगे आहेत. शिवाय आपला उन्हाळा! पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो बरीचशी कानांवाटे बाहेर टाकतो. हवा अंगाइतकीच तापली, की कानांचाही फारसा उपयोग उरत नाही.

उलट, परका प्राणी नव्या ठिकाणी रुजला तर काय होते, हे ऑस्ट्रेलियाला विचारा. तेथे १८५९ मध्ये शिकारीसाठी सोडलेल्या थोड्याशा सशांची पुढे कोट्यवधी प्रजा झाली आणि कुरणे उजाड पडली.

मग करावे काय? आईवडिलांना विचारून त्याला घरी आणावे. कान धरून उचलू नये. छातीखाली आणि मागच्या पायांखाली हात द्यावा. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे. सावलीची जागा आणि पाणी द्यावे. त्याचे मुख्य अन्न गवत, गाजर नव्हे. त्याचे दात जन्मभर वाढतात. गवत चावूनच ते झिजतात. तो स्वतःची मऊ लेंडी खातो, तो आजार नव्हे. अन्नातील उरलेले सत्त्व तो असे मिळवतो. नर-मादी एकत्र ठेवू नयेत. सुमारे ३१ दिवसांत पिल्ले होतात.

मात्र ससा ८ ते १० वर्षे जगतो. आज तुम्ही आठवीत असाल, तर तुमचे कॉलेज संपेपर्यंत तो घरात असेल. तेवढी तयारी नसेल, तर तयारी असलेले घर शोधून द्यावे.

शिक्षकांनाही एक विनंती. शाळेत ससा पाळण्यापूर्वी, मे महिन्याच्या सुटीत त्याला कोण सांभाळणार, हे आधी ठरवा. पाळलेला प्राणी उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाच आहे. पण कायदा नसता, तरी ज्याला आपण परावलंबी केले त्याचा भार आपणच उचलायला नको काय? वर्गात ह्यावर अवश्य चर्चा करा.