सावलीचा विटाळ आणि ऑपरेशन थिएटरचं दार



बारावीचा निकाल लागला की वस्तीतल्या पोरापोरींचे फोन सुरू होतात. "ताई, नर्सिंग करू का ओटी टेक्निशियन? भूल देण्याच्या कामाला लई स्कोप आहे म्हणतात." मी उलट विचारते, "ते काम कधी पाहिलंयस का?" उत्तर ठरलेलं असतं. नाही. ज्या कामात उभं आयुष्य काढायचं, ते पाच मिनिटंही न पाहता आपली पोरं फॉर्म भरतात. मग सल्ला कोण देतं? भिंतीवर "शंभर टक्के नोकरी" रंगवणारा एजंट.

अमेरिकेत परिचारिका स्वतः भूल देतात. त्या अभ्यासक्रमाला जाण्याआधी अतिदक्षता विभागात किमान एक वर्ष नोकरी करावी लागते. शिवाय अर्ज करण्यापूर्वी उमेदवार एखाद्या अनुभवी भूल-परिचारिकेसोबत थिएटरमध्ये उभं राहून तिचं काम पाहतात. कितीतरी कॉलेजं तशी अपेक्षाच ठेवतात. याला 'जॉब शॅडोइंग' म्हणतात. सावलीसारखं मागे राहायचं, कशाला हात लावायचा नाही, फक्त पाहायचं आणि मग ठरवायचं.

आपल्याकडे भूल देतो तो डॉक्टरच. पण त्याच्या शेजारी भूल तंत्रज्ञ लागतो. पहिला पेशंट टेबलावर येण्याआधी भूल देण्याचं मशीन तपासणं, ऑक्सिजन आणि जादा सिलिंडर बघणं, सक्शन चालतं का पाहणं, श्वासनळीत घालायच्या नळ्या मापाप्रमाणे मांडणं, मॉनिटर लावणं, ही त्याची कामं. यातली एक गोष्ट चुकली तर माणूस जातो. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा त्याचा पदवी अभ्यासक्रम आहे. तीन वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. केंद्राने 2021 साली संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी कायदा केला, त्यातही हे काम आहे. म्हणजे रस्ता खरा आहे. फक्त त्या रस्त्याचं पहिलं दार आपल्याला बंद आहे.

डॉक्टरच्या घरातला मुलगा हे 'शॅडोइंग' जन्मापासून करतो. जेवताना बाप ऑपरेशनच्या गोष्टी सांगतो, सुट्टीत पोरगं दवाखान्यात बसतं. त्याला कुणी अर्ज मागत नाही. पुढे परीक्षेत तो पुढे गेला की त्याला 'मेरिट' म्हणतात. आपल्या पोरीने शिपायाला "आत काय चालतं, बघू का?" विचारलं, तर हाकललं जातं.

बरं, आपली माणसं थिएटरपर्यंत पोचलीच नाहीत असंही नाही. पोचली, पण फरशी पुसायला आणि रक्ताचे कपडे उचलायला. आणि आपल्या बाया पोचल्या त्या टेबलावर आडव्या होऊन. 2019 साली ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात 82 हजार 309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि 13 हजार 861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यात आपल्या बाया होत्या, वंजारी, बंजारा, मराठा समाजातल्या गरीब बायाही होत्या. त्या प्रत्येकीला कुणीतरी भूल दिली. काय टोचलं, का टोचलं, हे त्यांतल्या किती जणींना नीट सांगितलं असेल? "पाठीत सुई मारल्यापासून कंबर दुखती" असं त्या आजही सांगतात. टेबलाच्या अलीकडे आपली एखादी शिकलेली पोरगी उभी असती, तर निदान एका बाईने तिला विचारलं असतं, "पोरी, हे कशाला काढतेत गं?"

पेशवाईत अस्पृश्याची सावली पडली तर विटाळ व्हायचा, ही नोंद बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये केली आहे. ज्यांच्या सावलीला बंदी होती, त्यांच्या नातवंडांना आज सावलीसारखं मागे उभं राहून शिकण्याची सोय नाही. शब्द बदलले, दार तेच.

बाबासाहेबांना हे दार ठाऊक होतं. 1942 साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर असताना त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचं निवेदन सरकारपुढे ठेवलं. त्यात नुसत्या शिष्यवृत्त्या मागितल्या नाहीत. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्या, असंही मागितलं. कारण काम हे कामाच्या जागेवरच कळतं.

"थिएटरमध्ये कुणालाही कसं सोडायचं? जंतुसंसर्ग होईल, पेशंटच्या खासगीपणाचं काय?" प्रश्न बरोबर आहे. उत्तरही सोपं आहे. पेशंटची संमती घ्या, गाऊन-टोपी-मास्क द्या, एका वेळी दोघांनाच घ्या, मोबाईल बाहेर ठेवा. विद्यार्थ्यांना रोज आत नेणाऱ्या रुग्णालयाला हे अवघड नाही.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1974 पासून आपल्या जिल्ह्यात आहे. नावातच 'ग्रामीण' आहे. तिथे आणि बीडच्या जिल्हा रुग्णालयात दरवर्षी प्रवेशाच्या आधी तीन दिवसांची 'काम पाहणी' ठेवावी. समाजकल्याणच्या वसतिगृहांतल्या आणि ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींना त्यात आधी जागा द्यावी. बार्टीने प्रवासखर्च द्यावा. नावं ओळखीवर नव्हे, अर्जावर ठरावीत.

एक सावधगिरी. पाहणं वेगळं आणि राबणं वेगळं. "अनुभव मिळेल" म्हणत वर्षभर फुकट पेशंट उचलायला लावणारे दवाखाने आपण पाहिलेत. तीन दिवसांचे तीस होऊ लागले, तर ती वेठबिगारी समजा आणि बाहेर पडा.

आता आपल्याविषयी. जयंतीच्या डीजेला आपण एका रात्रीत लाखभर रुपये देतो. त्याच वर्गणीतून तालुक्यातल्या दहा पोरींना अंबाजोगाईला नेऊन आणता येत नाही का? येतं. या महिन्यात आपापल्या तालुक्यातून अधिष्ठात्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. त्या तीन दिवसांनंतर एखादी म्हणाली, "ताई, मला रक्त बघवत नाही, मी दुसरं काहीतरी करते," तरी काम फत्ते झालं समजा. तिच्या बापाचे पैसे वाचले, आणि निर्णय एजंटने नाही, तिने घेतला.

शिका म्हणणाऱ्या बापाची लेकरं आहोत. आधी पाहू द्या, मग शिकतो.

जयभीम! नमो बुद्धाय!